रँकिंग अचानक घसरलं तर आधी काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही बघता येईल. सायकल दुरुस्तीची माहिती देणारी साइट आहे, काही वर्षं व्यवस्थित चालली, दोन महिन्यांपूर्वी थीम (साइटचं रूप आणि मांडणी) बदलली आणि गेल्या तीन आठवड्यांत गुगलवरून येणारे लोक जवळपास निम्म्यावर आले. एकाने सांगितलं बॅकलिंक्स (दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक्स) विकत घ्या, दुसऱ्याने सांगितलं जुने लेख उडवून टाका, तिसऱ्याने सांगितलं वाईट लिंक्स डिसअव्हाऊ करा (म्हणजे या लिंक्स धरू नका असं गुगलला कळवा), आणि तुम्ही विचारताय की यातलं आधी काय करू.

यातलं आत्ता काहीच करू नका. हे तिन्ही उपाय तीन वेगवेगळ्या आजारांवरचे आहेत आणि तुम्हाला नेमका कुठला आजार झालाय ते अजून कुणी तपासलेलंच नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं व्हायला नको. वर्षानुवर्षं पडलेल्या साइट्स बघतोय त्यावरून सांगतो, मूळ घसरणीने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त पुढच्या पंधरा दिवसांत घाबरून केलेल्या बदलांनी होतं. टायटलं बदलली, यूआरएल बदलले, लेख उडवले, प्लगइन टाकले, आणि मग महिन्याभराने ट्रॅफिक अजून खाली गेलं की नक्की कशामुळे गेलं हे सांगायला कुणाकडेच काही उरत नाही.

तर पहिलं काम, "ट्रॅफिक पडलं" आणि "रँकिंग पडलं" या दोन गोष्टी वेगळ्या करा. लोक सर्रास एकच समजतात. ट्रॅफिक पडायला रँकिंग पडायलाच पाहिजे असं नाही. थीम बदलताना अ‍ॅनालिटिक्सचा लोक मोजणारा कोड काही पानांवरून उडाला तर येणारे लोक तेवढेच येतात, मोजले फक्त जात नाहीत. किंवा कुकीची परवानगी मागणारी नवी पट्टी लावली आणि "नको" म्हणणारे मोजणीतून बाहेर गेले. किंवा लोकांनी तो विषय शोधणंच कमी केलं, सायकलसारख्या विषयाला सीझन असतोच. किंवा तुमची जागा तीच आहे पण वरती गुगलने एआयचं उत्तर दाखवायला सुरुवात केली आणि माणूस खाली येतच नाही. या चारही केसमध्ये रँकिंग जिथल्या तिथे असतं आणि त्यासाठी तुम्ही रँकिंगचे उपाय करत बसलात तर वेळ फुकट.

हे ओळखायला अ‍ॅनालिटिक्स बाजूला ठेवा आणि सर्च कन्सोल (साइटमालकांसाठी गुगलचं टूल) उघडा, कारण तिथले आकडे थेट गुगलचे असतात, तुमच्या साइटवरच्या कोडवर अवलंबून नसतात. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये तारखेवर जाऊन तुलना करायचा पर्याय निवडा, घसरणीनंतरचे तीन आठवडे एका बाजूला आणि घसरणीआधीचे तीन आठवडे दुसऱ्या बाजूला, वार जुळले पाहिजेत म्हणजे शनिवार-रविवार दोन्हीकडे सारखे येतील. मग हीच तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी करा. कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं त्यामुळे गेल्या वर्षीचं सहज मिळेल. गेल्या वर्षीही याच दिवसांत असाच उतार होता तर निम्मी काळजी तिथेच संपली.

आता क्लिक्स, इम्प्रेशन्स (निकालात किती वेळा दिसलात) आणि पोझिशन (कितव्या नंबरवर दिसलात) तिन्ही एकत्र बघा, सुटे सुटे नाही. इम्प्रेशन्स तेवढीच, पोझिशन तेवढीच आणि क्लिक्स कमी, म्हणजे तुम्ही दिसताय पण लोक दाबत नाहीयेत, निकालाच्या पानावर काहीतरी बदललंय. पोझिशन तीच आणि इम्प्रेशन्स कमी, म्हणजे बहुतेक शोधणारेच कमी झाले. पोझिशनच खाली गेली तर ते खरं रँकिंगचं दुखणं. आणि काही पानांची इम्प्रेशन्स थेट शून्यावर गेली असतील तर ते रँकिंग नाहीच, ती पानं बहुधा इंडेक्समधून (गुगलच्या पानांच्या साठ्यातून) बाहेर पडलीयत.

सरासरी पोझिशन या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. समजा एक पान दहा चांगल्या क्वेरींना (क्वेरी म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द) तिसऱ्या नंबरवर होतं आणि शंभर फुटकळ क्वेरींना साठाव्या. त्या शंभर फुटकळ क्वेरी गायब झाल्या तर सरासरी एकदम सुधारलेली दिसते आणि प्रत्यक्षात तुमचं काहीच सुधारलेलं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने एका पानावर १०० निकाल मागायची सोय काढली तेव्हा नेमकं हेच कित्येक साइट्सवर दिसलं, इम्प्रेशन्स धाडकन खाली, पोझिशन छान वर, क्लिक्स होते तसेच, आणि अर्धे लोक घाबरले आणि अर्धे खूश झाले, दोघांनाही कारण नव्हतं. म्हणून सरासरीवर थांबू नका, एकेका क्वेरीत उतरा.

ते कसं करायचं तर तुलना चालू ठेवून पेजेसच्या टॅबवर जा आणि क्लिक्सच्या फरकावर क्रम लावा म्हणजे सगळ्यात जास्त पडलेली पानं वर येतील. बहुतेक वेळा असं दिसतं की सगळी साइट पडलेली नसते, मोजक्या पानांनी मोठा वाटा गमावलेला असतो. त्यातलं पहिलं पान निवडा, त्यावर क्लिक केलं की फिल्टर लागतो, मग क्वेरीजच्या टॅबवर या, आता त्या एकाच पानाच्या कुठल्या क्वेरी गेल्या ते समोर येईल. साइटच्या नावाने शोधणारे लोक वेगळे काढा, कारण नावाने शोधणारे कमी झाले तर तो मामला प्रसिद्धीचा आहे, गुगलचा नाही. तसंच मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळं बघा. फक्त मोबाइलवर पडलं असेल तर तुमच्या नव्या थीमकडे बोट जातं.

हे करताना आलेखाचा आकारही डोळ्यात भरू द्या. एका दिवसात कड्यावरून पडल्यासारखी रेष असेल तर ९० टक्के वेळा तांत्रिक कारण किंवा गुगलची कारवाई, हा माझा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. आठवडा-दोन आठवडे पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेली असेल तर गुगलचं अपडेट (निकाल लावायच्या पद्धतीत केलेला बदल) किंवा थीममुळे पानं हळूहळू नव्याने वाचली जाणं. आणि महिनोन्‌महिने हळू हळू उतार असेल तर स्पर्धक पुढे गेलेत किंवा लेख शिळे झालेत, आणि ते तुम्हाला आत्ता दिसलं इतकंच.

सर्च कन्सोलमध्येच असताना दोन गोष्टी बघून घ्या, मिनिटभराचं काम आहे. मॅन्युअल अ‍ॅक्शन्स आणि सिक्युरिटी इश्यूज. मॅन्युअल अ‍ॅक्शन म्हणजे गुगलच्या माणसाने तुमची साइट बघून केलेली कारवाई, ती असेल तर तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, दुरुस्ती करून फेरविचाराची विनंती पाठवायची. तिथे काही नसेल तर "गुगलने पेनल्टी लावली" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. साइट हॅक झालीय का तेही बघा, गुगलवर site: आणि त्याला जोडून तुमचं डोमेन (साइटचा पत्ता) टाकून शोधा, तुम्ही कधीच न लिहिलेली, भलत्याच भाषेतली शेकडो पानं दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते साफ करा.

आता तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त संशय कशाचा येतो ते सांगतो. थीमचा. तुम्ही लिहिलंय की थीम दोन महिन्यांपूर्वी बदलली आणि घसरण तीन आठवड्यांपूर्वीची, त्यामुळे तुम्ही तिला संशयातून वगळलंय. तसं करू नका. गुगल सगळी पानं एका दिवशी परत वाचत नाही, महत्त्वाची पानं पटकन वाचतं, आतली पानं काही आठवडे किंवा त्याहून उशिरा, त्यामुळे आजचा बदल महिन्या-दीड महिन्याने अंगावर येणं अगदी शक्य आहे.

थीम बदलली की काय काय बिघडतं? सगळ्यात सोपं म्हणजे नोइंडेक्स, म्हणजे हे पान निकालात दाखवू नको अशी गुगलला दिलेली सूचना. नवी थीम चाचणीच्या साइटवर तयार केली, तिथे गुगलला येऊ नको सांगितलेलं होतं, आणि ती सेटिंग तशीच खऱ्या साइटवर आली. वर्डप्रेसमध्ये रीडिंगच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करायचा एक चौकोन असतो तो टिक आहे का बघा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, रोबोट्स टीएक्सटी (robots.txt, कुठली पानं वाचायची नाहीत हे बॉटना सांगणारी फाइल) या फाइलने पान अडवलं तर गुगल ते वाचत नाही, त्यामुळे त्यातला नोइंडेक्सही त्याला दिसत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत.

दुसरी जास्त लपलेली गोष्ट म्हणजे मजकूर पानात खरंच आहे का. नव्या थीममध्ये बरेचदा लांब लेख टॅबमध्ये किंवा "पुढे वाचा" बटणाच्या मागे जातो. नुसता लपवलेला असेल, म्हणजे कोडमध्ये आहे आणि दिसायला झाकलेला, तर सहसा अडचण नाही. पण बटण दाबल्यावरच सर्व्हरवरून येत असेल तर गुगलच्या बाबतीत तो नाहीच, कारण गुगल बटणं दाबत बसत नाही. हे तपासायची माझी पद्धत अशी, लेखाच्या अगदी मधलं एखादं खास वाक्य कॉपी करायचं, सर्च कन्सोलमध्ये यूआरएल तपासणीत जाऊन लाइव्ह टेस्ट चालवायची, टेस्ट केलेल्या पानाचा एचटीएमएल उघडायचा आणि त्यात ते वाक्य शोधायचं. सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर कारण हातात आलं. आणि हे मोबाइलच्या रूपातच तपासलं जातं हे चांगलंच आहे, कारण गुगल आता साइट मोबाइलच्या नजरेने वाचतं, २०१६ मध्ये जाहीर केलेला तो बदल ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. डेस्कटॉपवर दिसणारी पण मोबाइलवर थीमने काढून टाकलेली माहिती, लिंक्स, मथळे, हे सगळं गेलंच म्हणून समजा.

तिसरं, आतल्या लिंक्स. जुन्या थीममध्ये प्रत्येक लेखाखाली संबंधित लेखांची यादी होती, बाजूला विभागांची यादी होती, नव्या देखण्या थीममध्ये ती गेली. वाचणाऱ्याला फारसं जाणवत नाही पण ज्या पानांना साइटमधूनच पाच-पंचवीस लिंक्स होत्या ती एकदम पोरकी होतात. बाहेरच्या लिंक्स विकत घ्यायला निघण्याआधी स्वतःच्या घरातल्या लिंक्स परत जोडा, त्याला पैसे लागत नाहीत. यूआरएल बदलले असतील तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) आहे का ते बघा, प्रत्येक जुन्या पानाचं त्याच विषयाच्या नव्या पानाकडे, सगळी होमपेजवर पाठवायची नाहीत. ते रिडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा, जमलं तर कायमचे.

आणि एक खास जागा सांगतो जिथे लोक बघतच नाहीत. एका साइटचं सगळं व्यवस्थित होतं, लेख चांगले, थीम तीच, ब्राउझरमध्ये पान झटकन उघडायचं, आणि तरी पानामागून पान इंडेक्समधून बाहेर जात होतं. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये क्रॉल स्टॅट्स नावाचा रिपोर्ट असतो, तो उघडला तर गुगलबॉटला (पानं वाचणारा गुगलचा प्रोग्राम) ढिगाने ४०३, म्हणजे "प्रवेश नाही" असे एरर, मिळत होते. होस्टिंगवाल्यांनी बॉट अडवायचा नवा फायरवॉल चालू केला होता आणि त्यात गुगलबॉटही अडकला होता. माणसाला पान दिसतं, बॉटला दिसत नाही, मालकाला कळायला मार्गच नाही. तुम्ही थीमबरोबर होस्टिंग किंवा सीडीएन (पानं वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून पोचवणारी सेवा) बदललं असेल तर हा रिपोर्ट आज बघा.

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं, म्हणजे मोजणी बरोबर, सीझन नाही, कारवाई नाही, पानं इंडेक्समध्ये, मजकूर गुगलला दिसतोय, आणि तरी पोझिशन पडलीय, तरच अपडेटकडे वळायचं. गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर अपडेट कधी सुरू झालं कधी संपलं याच्या तारखा असतात, तुमच्या घसरणीशी जुळतात का बघा. अपडेट चालू असताना निष्कर्ष काढू नका, मार्च २०२४ चं कोअर अपडेट (रँकिंगच्या मूळ पद्धतीतला मोठा बदल) पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले होते आणि त्या काळात कित्येक साइट्स वर-खाली-वर करत होत्या. गुगलचं स्वतःचं सांगणं असं आहे की अपडेट संपल्यावर निदान आठवडाभर थांबा आणि मग त्यानंतरचा आठवडा अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी ताडून बघा. दुसऱ्या नंबरवरून चौथ्यावर गेलात तर मोठे बदल करायची गरज नाही, चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलात तर मात्र नीट बसून विचार करायला हवा.

तो विचार कसा करायचा ते तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊन सांगतो. समजा "सायकलची चेन सारखी उतरते" ही क्वेरी गेली. ती शोधा आणि वरचे तीन निकाल शेवटपर्यंत वाचा. लेखांच्या जागी व्हिडिओ आणि लोकांच्या चर्चा आल्या असतील तर शोधणाऱ्याला काय हवंय याबद्दल गुगलचं मत बदललंय, तिथे तुमचा लेख कितीही घासून पुसून लख्ख केला तरी तो एकटा फार फरक पाडणार नाही. पण लेखच वर असतील तर ते काय देतात आणि तुम्ही काय देता हे समोरासमोर ठेवा. शोधणारा माणूस ग्रीसने माखलेल्या हातांनी फोन बघतोय. त्याला चेन झिजलीय का ते कसं मोजायचं हे हवंय, की नव्या चेनच्या २४ कड्या म्हणजे बारा पूर्ण जोड्या बरोबर १२ इंच भरतात आणि १/१६ इंच जास्त भरलं की चेन बदलायची वेळ आली. मग मागच्या गिअरचा हँगर वाकलाय का ते मागून बघून कसं ओळखायचं, लिमिट स्क्रू कुठल्या बाजूला किती फिरवायचा, आणि प्रत्येकाचा स्वतः काढलेला फोटो. तुमच्या लेखात पहिले चार परिच्छेद सायकलचे फायदे असतील आणि फोटो उसने असतील तर तो खाली जाणं मला तरी अन्यायाचं वाटत नाही. हे टोचेल, पण असे लेख मी खूप बघतो आणि लिहिणाऱ्याला विषय उत्तम येत असतो, फक्त शब्दसंख्या वाढवा असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

वेगाबद्दल थोडंसंच. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, पान हलू नये, हे कोअर वेब व्हायटल्सचे निकष आहेत आणि ते वाचणाऱ्यासाठी पाळाच, पण ट्रॅफिक निम्म्यावर यायचं कारण एकटा वेग क्वचितच असतो.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले. लिंक्स विकत घेणं सरळ सरळ गुगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहे, २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून यावर नजर आहे आणि आता बहुतेक वेळा अशा लिंक्स मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे गेले आणि वर कारवाईची टांगती तलवार. डिसअव्हाऊचं हत्यार मॅन्युअल अ‍ॅक्शन आली असेल किंवा तुम्ही स्वतः पूर्वी लिंक्स घेतल्या असतील तर त्यासाठी आहे. कुठल्यातरी टूलने "टॉक्सिक" असा लाल शिक्का मारला म्हणून चांगल्या लिंक्सही फाइलमध्ये टाकून बसलेले लोक मी बघितलेत, त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा आधार काढून घेतला. जुने लेख उडवून साइट ताजी दिसेल आणि रँकिंग वाढेल या कल्पनेला तर गुगलनेच लेखी "नाही" म्हटलंय, नुसती तारीख बदलण्याचंही तसंच. एकाच विषयावर तीन कमजोर लेख असतील तर त्यांचा एक भक्कम करा आणि बाकी दोन त्यावर रिडायरेक्ट करा, हे मात्र मी नेहमी करतो आणि त्याचा उपयोग होतो.

परत वर यायला किती वेळ लागेल हे कारणावर अवलंबून आहे. नोइंडेक्स किंवा फायरवॉल असेल तर काढल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत पानं परत यायला लागतात. कोअर अपडेटचं असेल तर महिने धरा, कधी कधी पुढचं मोठं अपडेट येईपर्यंत काही हलत नाही, आणि जुनीच जागा परत मिळेल याची हमी कुणी देत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. एआयच्या उत्तराने गेलेले क्लिक्स, विशेषतः एका ओळीत उत्तर संपतं अशा प्रश्नांचे, परत येतील असं धरून चालू नका, तिथली मेहनत हाताने करून दाखवायच्या कामांच्या लेखांकडे वळवा. विषयही महत्त्वाचा, आरोग्य आणि पैशाच्या साइट्सना गुगल जास्त कडक निकष लावतं, तुम्ही त्यात नाही.

बदल करायला लागलात की एक साधी शीट ठेवा, तारीख, कुठलं पान, काय बदललं. एका वेळी एकाच प्रकारचा बदल, तोही थोड्या पानांवर, बाकीची तशीच ठेवून, म्हणजे फरक कशाने पडला ते दिसेल. आणि कन्सोलचा डेटा दर महिन्याला उतरवून ठेवा, १६ महिन्यांनंतर तो जातो.

हे सगळं बघून झालं की मला एवढं सांगा: घसरण सुरू झाली ती नेमकी तारीख, सगळ्यात जास्त पडलेली पाच पानं आणि त्यांच्या क्वेरी, त्यातल्या एका पानाच्या लाइव्ह टेस्टमध्ये मधलं वाक्य सापडलं की नाही, आणि क्रॉल स्टॅट्समध्ये ४०३ किंवा ५०० च्या घरातले (सर्व्हर बिघडल्याचे) एरर आहेत का. बॅकलिंकवाल्याला आधीच पैसे देऊन झाले असतील तर तेही न संकोचता सांगा, कारण मग डिसअव्हाऊबद्दल माझं उत्तर बदलेल.